स्वमग्न चित्रकाराच्या सोबतीने: टेबलापासून कलादालनाच्या भिंतीपर्यंत

माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे आणि गेली नऊ वर्षं तो मुख्यतः एकच इमारत काढतोय: पुण्याची महात्मा फुले मंडई. १८८६ साली उघडलेली ती दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, त्याच्या अवतीभवती विजेच्या आणि केबलच्या तारा. तारा त्याला मनोऱ्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. घरी आलेले पाहुणे चित्रं बघतात, कौतुक करतात आणि मग हमखास विचारतात, ‘दुसरं काही नाही का काढत?’ गवयाला कुणी ‘पुन्हा यमनच का?’ असं विचारत नाही. एकाच रागात माणूस चाळीस वर्षं नवं शोधत राहतो, हे आपल्याकडच्या साध्या श्रोत्यालाही ठाऊक असतं. चित्रकार स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, असला की मात्र त्याच्या एकाच विषयाला चिकटून राहण्याचं ‘लक्षण’ होतं.

नऊ वर्षं त्याच्यासोबत वावरून मला जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. इतर कोणत्याही चित्रकाराला जे लागतं तेच त्यालाही लागतं: वेळ, साहित्य, भिंत, रास्त भाव आणि खरं मत. ते त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटेवर काही अडथळे जास्त आहेत आणि ते बाजूला करणं हे सोबतीचं काम. हे काम आईवडिलांनीच करावं असं मला वाटत नाही. डॉक्टर, औषधं, शाळा, झोप, जेवण या सगळ्यात ते आधीच पुरते अडकलेले असतात. मावशी, काका, आतेभाऊ, शेजारचे निवृत्त शिक्षक, कॉलेजातली मैत्रीण, यांच्यापैकी कुणीतरी चित्रांची बाजू उचलली तर घरालाही श्वास मिळतो आणि चित्रकाराला घराबाहेरचा एक माणूस मिळतो.

आधी गैरसमज बाजूला ठेवा

मुलगा स्वमग्न आहे आणि चित्रं काढतो म्हटलं की लोकांना लंडनच्या स्टीफन विल्टशायरची आठवण होते. हेलिकॉप्टरमधून एकदा शहर बघून मग अनेक मीटर लांब कागदावर ते आठवणीने उतरवणारा हा चित्रकार. त्याचं काम खरंच थक्क करणारं आहे. पण त्याने लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स आर्ट स्कूलमध्ये रीतसर शिक्षणही घेतलं आहे, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. अशी स्मरणशक्ती बहुतेक स्वमग्न माणसांकडे नसते. माझ्या भाच्याकडेही नाही. तो मंडईसमोर बसून, खिडक्या मोजून काढतो. चुकलं तर पुन्हा जातो. ‘याच्यात काय विशेष शक्ती आहे?’ असं कुणी विचारलं तर शांतपणे सांगा की तो रोज चार तास काम करतो.

शब्दांचंही आधीच ठरवून घ्या. मराठीत ‘स्वमग्न’ रुळला आहे. काहींना तो आवडतो. काहींना वाटतं की त्यातून स्वतःतच बुडालेला, जगाशी देणंघेणं नसलेला असा चुकीचा अर्थ निघतो. माझा भाचा स्वतःला ‘ऑटिस्टिक’ म्हणवतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलताना मीही तेच म्हणते. तुमच्या घरातल्या माणसाला विचारा. तो बोलत नसेल तर लिहून, चित्रकार्डं दाखवून किंवा टॅबवरून विचारा. बोलत नाही याचा अर्थ मत नाही असा होत नाही.

टेबल, उजेड आणि साठा

अमेरिकेत ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ नावाची कार्यशाळा १९७४ पासून चालू आहे. अपंग प्रौढ कलाकार तिथे येऊन काम करतात, आणि सोबतीला असलेले चित्रकार त्यांना शिकवण्यापेक्षा साहित्य आणि मोकळीक पुरवतात. डॅन मिलर हा स्वमग्न चित्रकार तिथलाच. तो अक्षरं आणि शब्द एकावर एक इतके लिहीत जातो की शेवटी त्यांचं दाट जाळं होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्याची चित्रं आहेत. आपल्या घरी एवढी मोठी जागा नसते, पण त्या कार्यशाळेतलं मुख्य सूत्र उचलता येतं: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, हाताशी साहित्य आणि कमीत कमी लुडबुड.

टेबल कायमचं त्याचंच असावं. जेवणाच्या टेबलावर काम मांडलं की दोन वेळा उचलावं लागतं, आणि त्या उचलण्यातच अर्धा दिवस बिघडतो. ट्यूबलाइटचं सूक्ष्म लुकलुकणं आणि गुणगुणणं अनेक स्वमग्न माणसांना छळतं. आपल्याला ते जाणवतही नाही. चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा लावा, शक्य असेल तर खिडकीचा उजेड घ्या. खुर्चीचा पाय करकरत असेल तर त्याखाली रबर लावा. छोटी गोष्ट आहे, पण आमच्याकडे या करकरण्यानेच महिनाभर काम बंद पडलं होतं आणि कारण कुणालाच कळत नव्हतं.

साहित्याबाबत माझा अनुभव असा की एकदा हाताला बसलेलं पेन किंवा कागद बदलणं फार जड जातं. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या पेनांचा आणि कागदाचा सहा महिन्यांचा साठा ठेवा. उत्पादन बंद होणारच, कधी ना कधी. तेव्हा जुनं संपायच्या आधी नवं शेजारी आणून ठेवा. वापरायला सांगू नका. आठ-पंधरा दिवस ते नुसतं तिथे पडून राहू दे, मग त्याच्याच हाताने कोपऱ्यात एखादी रेघ ओढली जाते.

विकायच्या चित्रासाठी मात्र साध्या बॉलपेनवर विसंबू नका, उजेडाने त्याची शाई फिकी पडते. पिगमेंट शाईची पेनं घ्या. कागद आम्लमुक्त असावा. जलरंग वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा जाड कागद, नाहीतर ओला झाला की वळतो, आणि कागद वळला की आमच्याकडे चित्र फाडलं जातं. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जाणं होतंच, तिथल्या स्टेशनरीच्या दुकानांत यातलं बरंच मिळतं. पण त्याला घेऊन जायचं असेल तर दुकान उघडताना जा, संध्याकाळी नको.

एक नोंदवही पहिल्या दिवसापासून घाला. प्रत्येक चित्राला क्रमांक, तारीख, माप, माध्यम. तेच चित्राच्या मागेही शिसपेन्सिलने हलक्या हाताने लिहा. खिडकीजवळच्या मऊ उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल चित्राला समांतर धरून फोटो काढा. हे काम पुढे ढकललं की कधीच होत नाही. आमची पहिली साठेक चित्रं अशीच तारखेविना आहेत आणि त्याला त्याचा अजून त्रास होतो.

‘आलोच’, ‘बघू’, ‘जरा वेळाने’

आपल्या बोलण्यात वेळेचे शब्द किती सैल आहेत हे मला भाच्यामुळे कळलं. ‘पाच मिनिटांत निघू’ म्हणजे वीस मिनिटं. ‘बघू’ म्हणजे बहुतेक नाही. ‘आलोच’ म्हणजे अजून निघालेलोच नाही. तो शब्द जसा आहे तसा घेतो, आणि सहाव्या मिनिटाला त्याच्या पायाखालची जमीन हलते. त्याच्याशी बोलताना घड्याळाची वेळ सांगा: ‘दहा वाजून चाळीस मिनिटांनी निघू.’ उशीर होणार असेल तर तेही आकड्यात सांगा.

वाक्प्रचारांचंही तसंच. एका प्रदर्शनात एक गृहस्थ आनंदाने म्हणाले, ‘हे चित्र मी उचललं असं समजा!’ भाचा धावत गेला आणि दोन्ही हातांनी फ्रेम धरून उभा राहिला. त्या गृहस्थांनी लगेच समजून घेतलं आणि सांगितलं, ‘मला हे विकत घ्यायचं आहे. शेवटच्या दिवसापर्यंत ते इथेच राहील.’ त्याने फ्रेम सोडली. अशी सरळ वाक्यं आधीच तयार ठेवलीत तर खूप सोपं जातं.

कला बघायला बाहेर पडताना

हा भाग मला सगळ्यात आवडतो. दुसऱ्यांची चित्रं बघितल्याशिवाय चित्रकार वाढत नाही, आणि स्वमग्न चित्रकाराला नेमकं हेच नाकारलं जातं, कारण ‘तिथे काही झालं तर?’ ही भीती घरच्यांना असते. तयारी केली तर बहुतेक वेळा काही होत नाही.

कलादालनापासून सुरुवात करा, नाट्यगृहापासून नको. कलादालनात पाच मिनिटांत बाहेर पडता येतं, बसावं लागत नाही, टाळ्या वाजत नाहीत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, घोले रस्त्यावरचं राजा रवि वर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन, आणि टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन, एवढ्यावर वर्ष सहज निघतं. कोल्हापूरकरांना शाहू स्मारक भवन आहे. गोव्यात पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, आणि डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो.

उद्घाटनाला जाऊ नका. दीपप्रज्वलन, हारतुरे, माईकची शिट्टी, अत्तरं, दाटीवाटी, आणि या सगळ्यात चित्रं दिसतच नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दालन उघडल्यावर पहिल्या तासात जा. त्या वेळी अनेकदा स्वतः चित्रकारच तिथे एकटा बसलेला असतो आणि त्याला कुणीतरी मन लावून बघणारं हवंच असतं. माझ्या भाच्याने आयुष्यातला पहिला चित्रकार मित्र असाच, सकाळी साडेदहाला, रिकाम्या दालनात जोडला. दोघं पाऊण तास निबांबद्दल बोलत होते.

जायच्या आदल्या दिवशी दालनाच्या दाराचा, जिन्याचा, आतल्या खोलीचा फोटो दाखवा. मिळत नसतील तर तुम्ही आधी जाऊन काढून आणा. कागदावर क्रम लिहा: रिक्षा, दार, पहिली भिंत, दुसरी भिंत, पाणी, बाहेर, घर. स्वच्छतागृह कुठे आहे आणि शांत कोपरा कुठे आहे हे लिहायला विसरू नका. कानाला लावायला इअरमफ घ्या. बांधकामावर वापरतात तेही चालतात आणि महागड्या हेडफोनपेक्षा खूप स्वस्त पडतात. टोपी, ओळखीचा खाऊ, छोटं स्केचबुक. आणि ‘आता पुरे’ सांगायची एक खूण ठरवा. आमची खूण म्हणजे तो माझ्या पिशवीचा बंद ओढतो. बंद ओढला की प्रश्न न विचारता, दोन मिनिटांत आम्ही बाहेर असतो. ही खूण एकदाही मोडू नका. ‘एवढी शेवटची भिंत बघू’ असं एकदा म्हटलंत की पुढचे सहा महिने तो यायला तयार होत नाही.

तो हात फडफडवेल, डोलेल, एकाच चित्रासमोर अर्धा तास उभा राहील. राहू दे. रखवालदाराला आधीच दोन वाक्यांत कल्पना द्या. चित्राला हात लावायची ओढ असेल तर हातात काहीतरी द्या, आमच्याकडे सुतळीचा तुकडा असतो.

कधीतरी सगळं असह्य होईल, तो कान दाबून खाली बसेल किंवा ओरडेल. हा हट्ट नाही. आवाज, उजेड, गर्दी यांचा भार डोक्याला पेलेनासा झाला की असं होतं. अशा वेळी बोलू नका, समजावू नका, धरून ओढू नका. उजेड आणि आवाज कमी असलेल्या जागी वाट मोकळी करून द्या, बघ्यांना पाठ फिरवायला सांगा आणि थांबा. काही जण याउलट एकदम गप्प, निश्चल होतात. तेही तितकंच थकवणारं असतं, फक्त आजूबाजूच्यांना दिसत नाही.

मुंबईला जायचं असेल तर आमचा ठरलेला दिवस सांगते. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. १९३० पासून धावणारी गाडी आहे, तिचं वेळापत्रक त्याला पाठ आहे आणि त्या पाठ असण्याचाच त्याला मोठा आधार आहे. सीएसएमटीहून चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून दहा मिनिटांत बाहेर आलो तरी काही वाया गेल्यासारखं वाटत नाही. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार आपली कामं मांडून बसतात, ते त्याला आतल्यापेक्षा जास्त आवडतं. समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तिथे सोमवारी सुट्टी. दोन्ही एकाच दिवशी बघू नका. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव असतो. शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आम्ही कामाच्या दिवशी दुपारी जातो आणि गर्दी वाढायला लागली की निघतो. पाच-दहाच्या डेक्कन क्वीनने परत.

नाटक आणि गाण्याबद्दल थोडक्यात. नाटकाला कडेची, मागची खुर्ची घ्या. तीन घंटा होतात, मग अंधार होतो, मध्यंतर असतं, हे आधी सांगा. घंटेचा आवाज फोनवर ऐकवला तर आणखी बरं. परदेशात काही नाट्यगृहं ‘रिलॅक्स्ड’ प्रयोग करतात: दिवे पूर्ण विझवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, मध्येच उठून फिरायची मुभा असते. मराठी रंगभूमीवरच्या निर्मात्यांनी वर्षातून एकेक असा प्रयोग लावला तर किती घरं पहिल्यांदा एकत्र नाटकाला येतील! सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपात कडेला बसता येतं, उठता येतं, लोक येत-जात असतात, त्यामुळे बंद सभागृहापेक्षा ते सोपं जातं. आम्ही एकच कलाकार ऐकतो आणि निघतो.

शिक्षक शोधताना

शाळेत असताना त्याने एलिमेंटरीची परीक्षा दिली. वस्तुचित्रात तो रमला, स्मरणचित्रात अडकला, कारण विषयात माणसांची गर्दी होती आणि त्याने रिकामा बाजार काढला. मला तो बाजार अजून आठवतो, एकेक हातगाडी मोजून काढलेली. परीक्षेची चौकट त्याच्यासाठी नव्हती, हे मान्य करून आम्ही पुढे गेलो.

शिक्षक हवा तो चालू चित्रकार असावा, ‘विशेष मुलांचा’ अनुभव नसला तरी चालेल. तुमच्या मुलाची चित्रं बघून त्याने पहिलं वाक्य चित्राबद्दल बोललं तर माणूस बरोबर आहे. ‘वा, किती छान, स्वतः काढलंस?’ असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘सगळ्या तारा सारख्याच जाडीच्या आहेत. जवळची कुठली?’ भाच्याने आठवडाभर त्याच प्रश्नावर काम केलं. असं खरं मत मिळणं हा त्याचा हक्क आहे. पण एका वेळी एकच सूचना, शब्दांत कमी आणि कागदावर जास्त. आणि त्याच्या चित्रावर दुसऱ्या कुणीही हात चालवायचा नाही, शेजारच्या कागदावर दाखवायचं.

भिंतीवर लावण्याची वेळ

तो बावीस वर्षांचा असताना एका कार्यक्रमात त्याची चित्रं मांडली होती. आम्ही पोचलो तर दारावर फ्लेक्स: ‘विशेष मुलाची अद्भुत कला’. निवेदिकेने माझ्या बहिणीच्या त्यागावर दहा मिनिटं भाषण केलं, लोकांनी डोळे पुसले, आणि मग त्याला माईकसमोर उभं केलं. त्याने कान दाबले. एकाही माणसाने चित्रांपुढे थांबून बघितलं नाही. त्यानंतर अकरा आठवडे त्याने पेन हातात घेतलं नाही. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे, पण ते अकरा आठवडे आम्ही घरात काढले. तेव्हापासून कुठेही होकार द्यायच्या आधी मी चार गोष्टी लेखी ठरवते.

ऑटिझमचा उल्लेख करायचा की नाही, आणि केला तर कोणत्या शब्दांत, हे चित्रकार ठरवेल. घरच्यांची कहाणी सांगितली जाणार नाही. चित्रकाराने मंचावर येणं, बोलणं, हस्तांदोलन करणं किंवा फोटो काढून घेणं बंधनकारक नाही. तो उद्घाटनाला नसला तरी चालेल. आणि दालनाच्या वेळेत रोज एक तास शांत असेल: संगीत नाही, माईक नाही, एका वेळी मोजकी माणसं. हा शांत तास इतर प्रेक्षकांनाही इतका आवडला की एका दालनाने पुढच्या प्रदर्शनातही तो ठेवला.

महापालिकेची दालनं भाड्याने मिळतात, पण तारखा बऱ्याच आधी धराव्या लागतात. पहिल्यांदा स्वतंत्र प्रदर्शनाच्या मागे लागू नका. सोसायटीच्या सभागृहात दिवाळीत सहा चित्रं लावा, मग तीन-चार चित्रकारांसोबत एखादं समूह प्रदर्शन. केंद्राच्या अपंग विभागातर्फे २०२२ पासून वेगवेगळ्या शहरांत अपंग कलाकार-कारागिरांचा दिव्य कला मेळा भरतो, गोव्यात २०२३ पासून पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव सुरू झाला. अशा ठिकाणी सोयींचा विचार आधीच केलेला असतो. तरी माझा आग्रह असा की फक्त तिथेच थांबू नये. चित्रं इतर चित्रकारांच्या चित्रांशेजारी लागली पाहिजेत.

दालन रिकामं असताना त्याला दोन-तीनदा नेऊन आणा. मांडणी त्यालाच करू द्या. घरी जमिनीवर भिंतीच्या मापाची पट्टी आखून आधी क्रम लावता येतो. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर आला की बहुतेकांच्या डोळ्यांना बरोबर बसतो. चित्र विकलं गेल्याची लाल टिकली फ्रेमवर किंवा काचेवर न लावता खालच्या चिठ्ठीवर लावा. फ्रेमवरची टिकली बघून आमच्याकडे एकदा फार गोंधळ झाला होता. दालनाच्या एका कोपऱ्यात पडदा लावून खुर्ची ठेवा, त्याच्या एकट्यासाठी.

भाव, पैसे, हक्क

भाव ठरवताना घरचे लाजतात आणि चित्र पाचशे रुपयांत देऊन टाकतात. एक पद्धत सोपी आहे: चौरस इंचाला दर. समजा दर १५ रुपये धरला, तर १२ बाय १६ इंचांचं चित्र १९२ चौरस इंच, म्हणजे २,८८० रुपये, फ्रेम वेगळी. मग मंडई असो वा लकडी पूल, त्या मापाला तोच भाव. नियम असल्यामुळे चित्रकारालाही ते पटतं आणि घासाघीस थांबते. दालन विक्रीवर किती टक्के कापणार हे आधी विचारा आणि भाव त्याप्रमाणे बसवा. ‘सहानुभूती म्हणून’ जास्त पैसे देणाऱ्यालाही आम्ही ठरलेलीच किंमत लावतो.

पैसे त्याच्याच खात्यात जावेत. अठरा वर्षांनंतर पालकत्व घ्यायलाच हवं असा समज आहे, तो बरोबर नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि मालमत्ता बाळगण्याचा, पैशांचे व्यवहार करण्याचा समान हक्क कलम १३ मध्ये दिलेला आहे. ज्याला खरोखर मोठ्या मदतीची गरज आहे त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो, आणि ते प्रमाणपत्र दाखवून बँकेत खातं उघडता येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र) मात्र वेळेत काढून ठेवा. याच २०१६ च्या कायद्याच्या कलम २९ मध्ये अपंग कलाकारांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व देण्याची, तसंच कला सर्वांना सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. दालनाकडे शांत तासाची मागणी करताना मी या कलमाचा उल्लेख अर्जात करते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. स्वतःहून काढलेलं चित्र विकलं म्हणजे त्यावरचा कॉपीराइट विकला असं होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे तो चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. कुणी दिनदर्शिकेसाठी, भेटकार्डांसाठी, टी-शर्टसाठी चित्र मागितलं तर हक्क लेखी कराराशिवाय जात नाहीत. करारात मुदत, प्रदेश, प्रती आणि मोबदला लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘मुलाला प्रसिद्धी मिळेल’ असं म्हणून फुकट चित्रं मागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्या.

फर्माइशी कामं घ्यावीत का? घ्यावीत, पण जपून. ‘आमचा बंगला काढून दे, थोडी झाडं वाढव’ यातलं ‘थोडी’ त्याला कळत नाही, आणि का कळावं? माप, विषय, तारीख, बदल किती वेळा, सगळं लिहून घ्या. दोन फर्माइशींच्या मध्ये किमान महिनाभर त्याची स्वतःची मंडई असू दे.

बघायला येणाऱ्यांसाठी

त्याच्याशी बोला, माझ्याशी नको. ‘हा बोलतो का?’ असं त्याच्यासमोर मला विचारू नका. ‘कसं सुचतं तुला?’ या प्रश्नावर कुठल्याही चित्रकाराला उत्तर नसतं. ‘ही तार इथे तुटलेली का आहे?’ असं विचारा, मग तो तुम्हाला ती तार कोणत्या महिन्यात तुटली ते सांगेल. तो डोळ्याला डोळा देणार नाही, तरी ऐकत असतो. उत्तराला वीस सेकंद लागली तर वीस सेकंद थांबा. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणा. परवडत असेल तर घ्या, नसेल तर दुसऱ्या कुणाला घेऊन या.

प्रदर्शन उतरल्यावर

शेवटच्या दिवसानंतर किमान आठवडाभर काही ठरवू नका. पाहुणे नकोत, मुलाखती नकोत. भाचा तीन-चार दिवस जवळजवळ बोलत नाही, एकाच प्रकारचं जेवतो, दार लावून बसतो. पहिल्या वेळी आम्ही घाबरलो होतो.

विकलेली चित्रं घरातून जातात तेव्हा त्याला नोंदवहीतल्या त्या क्रमांकासमोरची जागा रिकामी दिसते आणि ते सोसत नाही. यावर तोडगा त्यानेच काढला. चित्र घेणाऱ्याकडून एकच फोटो मागायचा, ते चित्र आता ज्या भिंतीवर आहे त्या भिंतीचा, आणि भिंत पूर्वेची की पश्चिमेची तेवढं लिहून द्यायला सांगायचं. हा लेख त्याला वाचून दाखवला तेव्हा त्याने एक भर घालायला सांगितली: फोटो सकाळचा असावा, दिवा न लावता.